बाईच्या कपड्याला खिसा: माहितगारांनी लिहा

पुरुषाचा कुर्ता शिवायला टाकला की बाजूचे खिसे न सांगता लागतात. बाईच्या कुर्त्याला ते सांगावे लागतात, आणि सांगूनही ‘शेप बिघडेल’ हे उत्तर ठरलेलं. नागपुरात शिवणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी लिहा. गाऱ्हाणी नकोत. मापं सांगा, आणि बिघडतं कुठे ते सांगा.

लेडीज टेलर, महाल

शेप खिशानं बिघडत नाही, चुकीच्या जागेनं बिघडतो. कुर्त्याची कंबर खांद्यापासून १४-१५ इंचांवर येते, साइड कट २१-२२ वर सुरू होतो. खिशाचं तोंड या दोघांच्या मधेच बसवायचं. पंधरापासून साडेसहा इंच घेतलं की ते थेट कटाच्या टोकाला भिडतं आणि पहिल्या महिन्यात तिथूनच उसवतं. तोंड सहावर आणा, नाहीतर कट इंचभर खाली न्या. दोन्ही टोकांना बारटॅक, म्हणजे दाट घट्ट टाके, मारा. मशीन नसेल तर पाच-सहा वेळा मागेपुढे शिलाई चालेल.

पिशवी तोंडाच्या खाली पाच इंच हवी आणि पुढच्या पल्ल्याकडे वळलेली हवी. तिची कड कटाच्या दुमडीत धरून शिवा. हे राहिलं की स्कूटीवर पल्ला उडतो आणि पांढरी पिशवी बाहेर डोकावते. १२ बाय ७ इंचांचे चार तुकडे लागतात. ३६ इंच पन्ह्याच्या पॉपलीनमध्ये ३५ सेंटिमीटरांत काम होतं. पॉपलीन आधी भिजवून घ्या, नाहीतर धुतल्यावर ते आटतं, खिसा आत ओढला जातो आणि बाजूची शिवण वर चढते. शेप बिघडला म्हणतात तो बहुतेक हाच.

होलसेल, गांधीबाग

काहून नसतो, तर चार तुकडे, जादा शिलाई, जादा ओव्हरलॉक. एका नगाला किरकोळ वाटतं, पण हजार नगांवर हिशेब बदलतो. जेंट्सच्या मालात ही काटछाट चालत नाही, गिऱ्हाईक माल परत करते. लेडीजमध्ये नुसती पट्टी मारून खिशाचा देखावा करतात. दुकानात मनगटापर्यंत हात घालून पाहा नं! जीन्सचंही तेच. २०१८ मध्ये अमेरिकेत २० ब्रँडच्या ८० जीन्स मोजल्या, तेव्हा बायकांचे पुढचे खिसे पुरुषांच्यापेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड निघाले.

शिवणवर्ग चालवणारी

जॉर्जेट, शिफॉनला वरचे नियम चालणार नाहीत. फोन दोनशे ग्रॅमच्या आसपास असतो, त्यानं शिवणीजवळचे धागे सरकतात. अशा कापडाला खिसा नकोच. अस्तर असेल तर पिशवी अस्तरात घ्या, आणि पिशवीच्या वरच्या टोकापासून अर्धा इंची सुती पट्टी कमरेच्या शिवणीपर्यंत नेऊन पक्की करा. म्हणजे वजन कमरेवर येतं, कापडावर नाही.

बाकी ‘बाईला खिसा शोभत नाही’ हे काही जुनं वळण नव्हे. कनवट लुगड्याला होती, तशी धोतरालाही होती. साडीखालच्या परकराला आजही चोरखिसा लावता येतो: उजवीकडे, ५ बाय ६ इंच, टिचबटणाचा. तोंड नेफ्याखाली दोनच इंचांवर ठेवा. हात कमरेतून आत जातो. खिसा खाली गेला की हात काढताना मिऱ्याच सुटतात. फोनसाठी हा नाही. पैसे, किल्ली, एवढंच.

जेंट्स टेलर, इतवारी

बायकांची पॅण्ट आमच्याकडे टाका, कुर्ता लेडीज टेलरकडे. आम्हाला टक्स जमत नाहीत, त्यांना क्रॉस पॉकेट जमत नाही. पुरुषाच्या पॅण्टची पिशवी तोंडाखालीही चांगली खोल उतरते. बाईची पॅण्ट मांडीला घट्ट असते, तिथे तेवढी खोल घेतली तर बसताना फोन मांडीच्या सांध्यात रुततो. खोली आठ इंचांवर थांबवा, रुंदी वाढवा, आणि पिशवीची आतली कड चेनच्या पट्टीत धरा. मग पिशवी गोळा होत नाही.

शर्टाच्या छातीवरचा खिसा मात्र बाईसाठी जसाच्या तसा उचलू नका. सपाट छातीचं माप आहे ते. तोंड उघडंच राहतं.

लेडीज टेलर, महाल

वर अस्तरातल्या खिशाच्या सुती पट्टीचं लिहिलंय त्यात एक भर. पट्टी धुऊनच लावा, तीही आटते.