आकड्यापेक्षा झीज पाहावी
ओडोमीटरवरचा, म्हणजे गाडी एकूण किती किलोमीटर धावली ते दाखवणारा, आकडा कमी असला की जुनी गाडी निर्धास्त घ्यावी, असे काहीजण म्हणतात; हे मत मला पटत नाही. आकडा मागे फिरवता येतो, पण ब्रेकच्या पेडलचे झिजलेले रबर लपत नाही. सर्व्हिसच्या पावत्यांवरचे किलोमीटर तारखांच्या क्रमाने लावून पाहावेत. गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला १७ अक्षर-अंकांचा चासी क्रमांक कागदपत्रांशी एकेक अक्षर जुळवावा. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, म्हणून ती दिसल्यास क्रमांक पुन्हा ठोकल्याचा संशय घ्यावा. गाडीवर आधीच्या मालकाच्या न फिटलेल्या कर्जाचा बोजा आहे का, हेही तपासावे. मी एकदा डिकीतले स्टेपनीचे चाक उचलले, तेव्हा खालच्या खोलगट जागेत वाळलेल्या गाळाचा थर होता, आणि ‘एकही अपघात नाही’ म्हणणाऱ्या मालकाने पुराच्या पाण्याबद्दल मात्र अवाक्षरही काढले नव्हते.