चार लाखांत जुनी गाडी: समाची अमेझ की मांजलपूरची वॅगनआर?

रावपुऱ्याची_मास्तरीण

नमस्कार बडोदेकर मंडळी. आठ वर्षं एका ॲक्टिव्हावर चौघांनी काढली (पोलिसांनी हे वाचू नये). आता धाकटी पुढे उभी राहिली की मला रस्ता दिसत नाही. त्यात सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, रिक्षात चढायचं म्हटलं की त्या आधी देवाचं नाव घेतात. म्हणून गाडी घ्यायची ठरलंय. जुनीच. बजेट चार लाख, त्यात टीटीओ (गाडी नावावर करायचा खर्च), इन्शुरन्स सगळं आलं. "थोडं वाढवा ना" असं कृपा करून कोणी म्हणू नका, ते वाक्य माझ्या दिरांनी पाठ केलंय.

रावपुऱ्याहून वाघोडिया रोडला शाळेत जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. रविवारी कधी डाकोर, कधी पावागड. मे महिन्यात एकदा साताऱ्याला माहेरी, पाच माणसं, येताना आंब्याच्या पेट्या. सगळं धरून महिन्याला सरासरी ५०० किलोमीटर.

तीन गाड्या बघितल्या.

एक, मांजलपूरची वॅगनआर एलएक्सआय, २०१८, कंपनी फिटेड सीएनजी, ६२ हजार चाललेली, फर्स्ट ओनर. मालक बँकेतून रिटायर झालेत. मागतात ३ लाख ६५. गाडी चांगली आहे पण दिसायला डबा, आणि मागे सिलिंडर असल्यामुळे डिकीत फक्त छत्री मावेल.

दोन, डिझायर व्हीडीआय, २०१६, एक लाख दहा हजार चाललेली, सेकंड ओनर. ४ लाख १०. आरसीवर लोन अजून दिसतंय, "ते होऊन जाईल" म्हणतात.

तीन, आणि माझा जीव हिच्यात अडकलाय, अमेझ पेट्रोल, २०१९, फक्त २८ हजार चाललेली, पांढरी. आतून अशी चकाचक की बसावंसंच वाटतं. समाच्या एका डॉक्टरांची आहे म्हणे. ब्रोकर ४ लाखाला देतो म्हणतो. तसल्या गाड्या बाकी सगळीकडे पाच-सव्वापाचला आहेत. डॉक्टर कॅनडाला जातायत, म्हणून घाई.

मिस्टर म्हणतात वॅगनआर, मुलं म्हणतात अमेझ, सासूबाई म्हणतात ज्यात पाय मुडपावे लागणार नाहीत ती. तुम्ही काय म्हणता? टोकन रविवारी द्यायचंय.

डिझेलवाला_मकरपुरा

डिझायर. डोळे मिटून. माझी दोन लाख चाललीय, इंजिन उघडलेलं नाही. हायवेला तेवीसचं ॲव्हरेज. अमेझ पेट्रोल गावात पीत बसते. लोनचं काय एवढं, बँकेची एनओसी मिळतेच.

फोरमन_काका

ताई, मी मकरपुऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं होतो, शेवटची अकरा फोरमन म्हणून. आता घरी बसून लोकांच्या गाड्यांना नावं ठेवतो. तुमचं वाचलं आणि दोन घास तसेच ठेवून लिहायला बसलो.

अमेझबद्दल एकच प्रश्न विचारा: २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ही गाडी कुठे उभी होती?

तुम्ही बडोद्याच्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको. विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली. समा, फतेगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा, सगळीकडे पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. मगरी सोसायटीत आल्या त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले, गाड्यांचं पुढे काय झालं ते कोणी बघितलं नाही. मी सांगतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि ती भंगार म्हणून लिलावात जाते. लिलावात घेणारा ती कापतोच असं नाही. धुतो, वाळवतो, सीट कव्हर नवी टाकतो, आणि वर्षभराने "डॉक्टर कॅनडाला चालले" होतं.

समाची प्रत्येक गाडी बुडालेली, असं मी म्हणत नाही. पण सव्वा लाख कमी कोणी उगाच घेत नाही, कॅनडाला जाणारा तर मुळीच नाही.

तपासायचं कसं ते सांगतो, मेकॅनिक सोबत नसला तरी जमेल. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. वरचा भाग सगळे धुतात, गुंडाळीच्या आतली शेवटची वीत कोणी धुवत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की नमस्कार करून निघा. पुढची सीट पूर्ण मागे सरकवा आणि रुळाच्या बोल्टांवर गंज आहे का बघा. पाच-सहा वर्षांच्या गाडीत आतल्या बोल्टांना गंज यायचं कारण नाही. स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बोट फिरवा. डॅशबोर्डखाली मोबाइलचा टॉर्च मारा, फ्यूजबॉक्सच्या मागे वायरींच्या बेचक्यात गाळ बसतो तो कंप्रेसरच्या हवेनेही निघत नाही. काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात उभी करा, मग दार उघडून वास घ्या. कुबट वास आला तर बात संपली, आणि अत्तराच्या दुकानासारखा आला तर जास्तच संपली.

मग कागद. मागच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी मागा आणि एनसीबीचा रकाना बघा. क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. मालक पहिल्यापासून एकच, गाडी "एकदम बिनधास्त" आणि मध्येच एका वर्षी एनसीबी शून्य, याचा अर्थ त्याच्या आदल्या वर्षी क्लेम घेतलाय, किंवा पॉलिसी मध्ये तुटली होती. दोन्हीचा खुलासा मागायचा. (हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, तुम्हाला मिळणार नाही. "ताई, पन्नास टक्के एनसीबी आहे" असं कोणी गळ्यात मारू नये म्हणून सांगतो.) शिवाय कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर सांगितला तर जुनी नोंद निघते, मालकाला सोबत न्या.

पाण्यात गेलेली गाडी आज चालते, उद्या चालते, पुढच्या पावसाळ्यात कनेक्टर हिरवे पडायला लागतात. आज पॉवर विंडो, उद्या एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, परवा एअरबॅगचा. प्रत्येक वेळी दोन हजार, पाच हजार, आणि मूळ कारण सापडत नाही. आमच्याकडे अशा गाड्या "परत आली बघा" म्हणून ओळखल्या जायच्या.

डिझेलवाले भाऊ, तुमची दोन लाख चालली कारण ती हायवेला चालली. ताई रोज चौदा किलोमीटर, तेही रावपुऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये. इंजिन नीट तापायच्या आत शाळा येणार. ५०० किलोमीटरला पेट्रोल वॅगनआरच्या मानाने डिझेलमध्ये ढोबळ चारशे-पाचशे रुपये वाचतील, आणि एक इंजेक्टर नाहीतर टर्बो निघाला की दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाईल. सीएनजीत महिन्याला हजाराच्या वर वाचेल. आणि आरसीवर हायपो (कर्जाची नोंद) असताना पूर्ण पैसे कधीच द्यायचे नाहीत. आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (ती नोंद काढायचा अर्ज), मग बाकीचं बोलणं.

वॅगनआरमध्ये तीन गोष्टी बघा. सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते, प्लेटवर तारीख असते. आरसीवर इंधन पेट्रोल/सीएनजी लिहिलंय ना. आणि २०१८ च्या एलएक्सआयमध्ये एअरबॅग आणि एबीएस सरसकट नव्हते, ऑप्शनल होते. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ च्या एप्रिलपासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलैपासून सक्तीची झाली. तुमच्यासमोरच्या गाडीत आहेत का ते स्टेअरिंगवर आणि चावी फिरवल्यावर मीटरमध्ये बघा. नसतील तर हायवेचा विचार स्वतः करा, तो मी तुमच्यासाठी करणार नाही.

गाडी बघायला सकाळी जा, आणि निघताना फोन करू नका. गरम करून ठेवलेलं इंजिन सगळे आजार लपवतं.

फतेगंजचा_फसलेला

काकांचं अक्षर न् अक्षर खरं. मी २०२० मध्ये एक सेदान घेतली, ती २०१९ च्या जुलैच्या पुरातली निघाली. ज्यानं विकली त्याचं नाव घेत नाही, आता त्याचा फोनही लागत नाही. पहिले सात महिने राणीसारखी चालली. मग एका रात्री घराखाली उभी असताना आपोआप हॉर्न वाजायला लागला, थांबेना. अख्खी सोसायटी गॅलरीत. शेवटी बॅटरीची वायर काढली. त्यानंतर रोज रात्री वायर काढून झोपायचं आणि सकाळी लावून ऑफिसला जायचं, असे चार महिने काढले.

अजून एक. मागच्या पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) दुसरी गाडी बंद पडली, आणि मी शहाण्यासारखा परत सेल्फ मारला. इंजिनात पाणी ओढलं गेलं, कनेक्टिंग रॉड वाकला. साध्या पॉलिसीत ते बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. जी घ्याल त्या गाडीला घ्या. आणि पाण्यात बंद पडली तर ढकला.

रावपुऱ्याची_मास्तरीण

काका, शनिवारी सकाळी साडेसातला फोन न करता गेलो. ब्रोकरचं तोंड बघण्यासारखं झालं.

अमेझचा पुढचा सीटबेल्ट ठीक होता. मी खूश. मिस्टर म्हणाले मागचा ओढ. ओढला. शेवटच्या वितीवर चहाच्या कपाच्या बुडासारखी तपकिरी रेघ, सरळ, पट्टीने मारल्यासारखी. ब्रोकर म्हणाला, "बेन, एटलुं तो होय, छोकराए चा ढोळी हशे." मुलानं चहा सांडला, तोही गुंडाळलेल्या बेल्टच्या आत! पुढच्या सीटच्या रुळाला गंज होता. पॉलिसी मागितल्या तर शेवटची एकच दाखवली, एनसीबी शून्य. डॉक्टरांशी बोलायचंय म्हटलं तर ते आधीच कॅनडात. खरं सांगते, परत येताना डोळ्यांत पाणी होतं. इतकी सुंदर दिसत होती ती.

तसेच मांजलपूरला गेलो. काकांच्या सारख्याच वयाचे गृहस्थ, सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे फाइलमध्ये लावलेली, २०२४ च्या सप्टेंबरचं सुद्धा, त्यात फक्त ऑइल आणि फिल्टर. थंड इंजिन पहिल्या सेल्फला चालू. बोनेटचे बोल्ट कधी उघडलेले दिसले नाहीत. सिलिंडरची टेस्ट मात्र २०२१ नंतर केलेली नाही, आणि टायरवर ३४१८ लिहिलंय, म्हणजे २०१८ च्या चौतिसाव्या आठवड्यातले, मूळचेच. हे दोन्ही दाखवल्यावर ते हसले आणि म्हणाले, कोणी शिकवून पाठवलंय. सिलिंडर टेस्ट ते करून देणार आणि टायरचे पंधरा हजार कमी. ३ लाख ५० ला ठरली. ऑप्शनल पॅक असल्यामुळे दोन एअरबॅग आणि एबीएस आहेत, ती पाटी मला दिसलीच नव्हती, मिस्टरांनी दाखवली.

सासूबाई बसून बघायला आल्या होत्या. आधी बसल्या, मग पाय आत घेतले, कुठे धरावं लागलं नाही. "हीच," म्हणाल्या, आणि उतरायलाच तयार नाहीत.

मुलं रुसलीत. सेवउसळवर मिटेल.

आता पैसे कसे देऊ? आणि साताऱ्याचं सामान कुठे ठेवू, डिकीत सिलिंडर बसलाय.

फोरमन_काका

पैसे चेकने किंवा बँकेतून, रोख नाही. फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलायचे) वर सह्या तुमच्यासमोर, कोरे फॉर्म घेऊन ठेवायचे नाहीत. ट्रान्सफरचा अर्ज लगेच टाका, आणि विमा चौदा दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. नाहीतर मध्ये काही झालं तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. घरी आणल्यावर त्यांची फाइल कितीही चांगली असली तरी इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला, आणि साताऱ्याच्या आधी चारही टायर.

सामानाला छतावर कॅरिअर लावा. प्रतापनगरला बरीच दुकानं आहेत, क्लॅम्पचा घ्या, छताला भोक पाडू देऊ नका. वरती फक्त कपड्यांच्या बॅगा, हलकं तेवढं. आंब्याच्या पेट्या आत, पायाशी. सासूबाई पुढे.

डिझेलवाला_मकरपुरा

काका, माझी पण एकदा बघून द्याल का? सकाळी धूर निळा येतोय.

फोरमन_काका

रविवारी आणा. रात्रभर थंड ठेवून.