शब्दचर्चा : ‘रानकोंबडी’ म्हणजे गावठी कोंबडी का?

परवा गिरगावात एका खानावळीच्या फळ्यावर ‘रानकोंबडी रस्सा’ असं लिहिलेलं दिसलं. विचारलं तर उत्तर आलं, “गावठीच आहे हो, ब्रॉयलर नाही.” माझी आई मालवणकडची. तिच्या तोंडी ‘रानकोंबो’ म्हणजे जंगलातला, माणसाची चाहूल लागताच नाहीसा होणारा पक्षी. मग बरोबर कोण? आणि मुळात कोंबडा रानात गेला की रानकोंबडा होतो, की रानकोंबडा घरी आला की कोंबडा?

प्रतिसाद :
आईचंच बरोबर. गावठी (घाटावर ‘गावरान’) कोंबडी दिवसभर उकिरडा उकरेल, पण तिन्हीसांजेला डालग्याखाली येते; तिला मालक असतो. रानकोंबडी कुणाचीच नसते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिची शिकार बंद आहे. त्यामुळे तो फळा पुसून ‘गावठी’ लिहायला सांगा, अगदी आग्रहानं सांगा. शब्द असा सैल वापरला की खऱ्या पक्ष्याला नावच उरत नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. रानमांजर, रानडुक्कर, रानकेळ अशी आपली सवय आहे : अंगणातल्याला आधी नाव द्यायचं आणि रानातल्याला ‘रान’ जोडायचं. त्यामुळे रानकोंबडा हा घर सोडून गेलेला कोंबडा असावा, असं कानाला वाटतं. घडलं नेमकं उलटं. २०२० साली ८६३ पक्ष्यांचे जनुकसंच तपासले गेले. त्यातून घरच्या कोंबडीचं मूळ तांबड्या रानकोंबड्याच्या एका उपजातीत निघालं, आणि ती आढळते नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड, म्यानमार या पट्ट्यात. पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं थायलंडमधल्या बान नोन वाट इथली, इसवी सनापूर्वी साधारण १६५० ते १२५० या काळातली. भात आणि बाजरीवर्गाची शेती पसरली, सांडलेल्या दाण्यांसाठी पाखरं रानाच्या कडेवरून शेताकडे आली आणि तिथेच रुळली, असं अभ्यासक मानतात.

आपल्या सह्याद्रीतला मात्र वेगळा, राखी रानकोंबडा. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब पडावेत तसे पिवळट ठिपके असतात. ढोबळ खूण सांगायची तर तांबडा साल वृक्षांच्या जंगलाचा, राखी सागाच्या. सगळ्या कोंबड्या एकट्या तांबड्यापासूनच आल्या, असं डार्विनचं मत होतं. पण २००८ साली दिसून आलं की कोंबडीच्या कातडीला पिवळा रंग देणारा जनुक तांबड्याचा नाही, बहुधा राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे. लालबागच्या दुकानात पिवळ्या पायांची कोंबडी पाहिली की मला हे आठवतं आणि खरंच भरून येतं.

अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातल्या नावांत हा घर-रान भेद येत नाही. तो एका दमात चार नावं देतो : कृकवाकु, ताम्रचूड, कुक्कुट, चरणायुध. दोन आवाजावरून, एक तांबूस तुऱ्यावरून, एक पायाच्या शस्त्रावरून. ‘चरणायुध’ हा शब्द मराठीत रुळायला हवा होता.

प्रतिसाद :
यात आणखी एक गोंधळ. आमच्या आजोळी भारद्वाजाला ‘कुक्कुडकोंबा’ म्हणत. तो कोंबडा नव्हे, कोकिळेच्या कुळातला. पाणकोंबडीही कोंबडी नव्हे.

प्रतिसाद :
आणि ‘खुडूक’ शब्द मुंबईत मरत चाललाय. अंड्यांवर बसायची ओढ लागून अंडी घालणं थांबवते ती खुडूक कोंबडी. रानकोंबडी एका वेळेला पाच-सहा अंडी घालते आणि ती उबवायला बसते. पोल्ट्रीतली वर्षाला तीनशेच्या आसपास घालते, कारण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिची खुडूक होण्याची ओढच काढून टाकली आहे. इमारतीतल्या मुलांना हा शब्द कळणार कसा?

मूळ प्रश्नकर्ता :
आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, रानकोंबो ‘कुकूचकू’ करत नाही, त्याचं ओरडणं तुटक असतं. हे खरं का?

प्रतिसाद :
अगदी खरं. ‘कुकूचकू’ तांबड्याच्या घराण्याचं. राखीचं साधारण ‘कुक्‌-काया-काया-कुक्‌’ असं. त्याची वाट पाहत पहाटे सह्याद्रीत बसलात, तर कान त्या ‘काया-काया’कडे ठेवा.