'ती एक डॉक्टर आहे': बाकीच्या कुठे गेल्या?

खारीक_खोबरं: कालच्या पोस्टचा सल्ला असा: मराठीत इंग्रजीच्या 'अ', 'द'सारखं आर्टिकल नाही, त्यामुळे निश्चित-अनिश्चित कळत नाही, तेव्हा अनुवादात 'अ' दिसला की 'एक' टाका, 'द' दिसला की 'तो'. अशानेच 'ती एक डॉक्टर आहे' छापून येतं. अहो, 'टेबलावर पुस्तक आहे' म्हणजे कुठलंतरी; 'पुस्तक टेबलावर आहे' म्हणजे ज्याबद्दल बोलतोय तेच. नुसती जागा बदलली. गोष्टीतही 'एक राजा होता' एकदाच, पुढे नुसता 'राजा'. दर ओळीला 'तो राजा' लिहा, वाचक विचारेल हा दुसरा कोण.

पोटभेद: जागेचं एवढं कौतुक नको. 'पुस्तक आणलं' यात कुठलं ते सांगा बघू! खरं काम 'ला' करतो. 'सुतार शोधतोय', कोणीही चालेल. 'सुताराला शोधतोय', आगाऊ पैसे घेऊन गायब झालेला.

विभक्तीवाली: अर्धंच सांगितलंत. 'एका सुताराला शोधतोय' चालतं की! ऐकणाऱ्याला माणूस नवा, म्हणजे अनिश्चितच; बोलणाऱ्याच्या मनात मात्र ठरलेला. 'ला' विशिष्टता दाखवतो, निश्चितता नव्हे. कोणीही चालणार असेल तर 'एखादा सुतार'. इंग्रजी 'अ' हे दोन्ही एकाच पोत्यात भरतो. आणि क्रियापदही बघा: 'मुलीला पाहिलं' म्हणजे दिसली असेल बाजारात, 'मुलगी पाहिली' म्हटलं की कांदेपोहे आलेच.

झणझणीत: 'ला' निघालाच आहे तर आधी 'भाजीला चिरून घ्या' बंद करा! हिंदीतला 'को' उचलून आणलाय. निर्जीव कर्माला 'ला' लागत नाही.

पोटभेद: 'दाराला रंग दिला'?

झणझणीत: कर्म रंग आहे. दाराची चतुर्थी. शाळेत झोपला होतात का?

पोटभेद: शाळा काढू नका. 'लाटेने होडीला गिळलं'?

विभक्तीवाली: हे बरोबर. कर्ताही निर्जीव असला की कोणी कोणाला गिळलं ते 'ला'मुळे चटकन कळतं. 'होडी गिळली'ही चालतंच. नियम 'लागत नाही' इतका कडक नाही.

झणझणीत: बरं, होडी तुमची. भाजी माझी.

पोटभेद: मूळ मुद्दा राहिलाच. इंग्रजीचा 'ॲन' मुळात 'एक'च होता. सिंहलीत 'पोत' म्हणजे ते पुस्तक, 'पोतक्' म्हणजे एखादं. बंगालीतही तसंच, 'बोइटा' म्हणजे ते पुस्तक आणि 'एकटा बोइ' म्हणजे एखादं. बहिणींना जमलं, उद्या मराठी 'एक'ही त्याच वाटेने गेला तर?

खारीक_खोबरं: गेला की कळवा. तोवर 'एक' टोमण्यापुरता मान्य: 'आमचा हा एक, कधी मुद्द्यावर राहील तर शपथ!'