उत्तर: सांबऱ्याहून थेट हेलिकॉप्टर?

निपाणीच्या भावाने विचारलंय, सांबऱ्यात, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, विमान उडवायला शिकून हेलिकॉप्टरकडे वळता येतं का. येतं, पण लायसन्स वेगळं. कमर्शियल लायसन्सला (पगारी पायलट व्हायला लागतं ते) हेलिकॉप्टरचे १५० तास लागतात, विमानाचे तास जसेच्या तसे धरत नाहीत. फी भरण्याआधी क्लास टू आणि क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटच्या दोन्ही वैद्यकीय तपासण्या, उरका. रंगांधळेपणा तिथेच कळतो. पीयूसी (अकरावी-बारावी) कॉमर्सवाल्यांनी लायसन्ससाठी लागणारं फिजिक्स-मॅथ्स एनआयओएस या मुक्त शाळेतून काढावं. लायसन्सच्या लेखी पेपरला ७० टक्के लागतात.

खरं घोडं अडतं हॉवरला, म्हणजे हवेत एका जागी थांबताना. कलेक्टिव्ह (मशीन वर-खाली नेणारा दांडा) उचलला की टॉर्क, म्हणजे मशीनला फिरवू पाहणारा जोर, वाढतो, अमेरिकन मशीनचं नाक उजवीकडे वळतं, म्हणून नाक सरळ ठेवायला डावं पेडल दाबायचं. फ्रेंच मशीनचा पंखा उलट फिरतो, म्हणून तिथे नेमकं उलट. पाय उशिरा पडला की पोरं सायक्लिकने (मशीन पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवणारा दांडा) सावरायला जातात, आणि मशीन पाळण्यासारखं झुलतं. सायक्लिक बोटांनी धरा, मुठीने नव्हे. नजर लांब, क्षितिजावर. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, त्यात एप्रिलचं ऊन. हवा विरळ, हॉवरला ताकद जास्त लागते.