झी युवा 'युवा' होती तेव्हाची गोष्ट

मधुरा_नाशिक
२०१६च्या ऑगस्टमध्ये झी युवा ही तरुणांसाठीची मराठी वाहिनी सुरू झाली तेव्हा मी अकरावीत. 'नवे पर्व, युवा सर्व' म्हणत आली होती. फ्रेशर्स, बन मस्का, लव्ह लग्न लोचा... सासू नाही, कटकारस्थान नाही, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी पोरं-पोरी. बन मस्कावरून तर आमच्या वर्गात दोन तट होते. मध्यंतरी लावून बघितली, सिनेमा चालू होता. वाहिनी आहे, पण ते जे काही होतं ते दोन-तीन वर्षांतच विरलं. प्रेक्षक नव्हते म्हणावं तर आम्ही होतो की! नक्की कुठे बिनसलं?

सॉलिड_संत्या
लेखक थकले, दुसरं काय. युवावरच्याच फुलपाखरू मालिकेतले मानस-वैदेही कॉलेजात होते तोवर गोड होतं. लग्न लावलं आणि झाली चारचौघींसारखी मालिका.

केबलवाला_कराड
संत्याभाऊ, सगळं लेखकांवर नका ढकलू. माझा केबलचा धंदा आहे. विद्यानगरकडे पोरांच्या खोल्या ढिगाने, त्यामुळे हे जवळून बघितलंय.

टीआरपी निघतो बार्कच्या, म्हणजे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेच्या, मीटरवरून. निवडक घरांत टीव्हीला मीटर, आणि घरातल्या प्रत्येकाला त्याचं स्वतःचं बटण. बघायला बसलं की दाबायचं, म्हणजे कोणत्या वयाचं माणूस बसलंय ते कळतं. हे सगळं घरात. एकोणीस वर्षांचा पोरगा हॉस्टेलवर असेल तर या हिशेबात तो जमेलाच नाही. आणि घरी असला तरी संध्याकाळी सात ते दहा रिमोट त्याला देतंय कोण?

आता तारखा बघा. वाहिनी आली २२ ऑगस्टला, जिओ आलं ५ सप्टेंबरला. मध्ये दोन आठवडे! आधी डिसेंबरपर्यंत नेट फुकट, मग मार्चपर्यंत वाढवलं. त्याच वर्षी यूट्यूबवर भाडिपा हे मराठी चॅनेल सुरू झालं, त्यातला अमेय-निपुणचा 'कास्टिंग काउच' हा गमतीदार मुलाखतींचा शो पोरांना तोंडपाठ. इकडे आम्ही आसपासच्या गावांत सेट टॉप बॉक्स बसवत पळतोय, कारण केबल डिजिटल करायची मार्च २०१७ची सरकारी मुदत. घरांनी कुरकुरत का होईना, बॉक्स घेतले. खोल्यांवरच्या पोरांनी नाही. एका खोलीत गेलो तर टीव्हीवर टॉवेल वाळत घातलेला. म्हणाले, "काका, बॉक्सला पैसे कशाला? याच्याकडे हॉटस्पॉट आहे." महिन्याभरात त्या अख्ख्या मजल्याची लाइन मी स्वतः काढून आणली. म्हणजे ज्यांच्यासाठी वाहिनी काढली, तेच गिऱ्हाईक आमच्या हातून गेलं.

पुढे फेब्रुवारी २०१९ला ट्रायचा, म्हणजे केबल-फोनवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवा नियम लागला, आपापल्या वाहिन्या निवडा म्हणून. माणसं विचारायची, "झी मराठी आहे ना यात?" युवाचं नाव काढून मागणारं माझ्याकडे कुणी आलं नाही. पॅकमध्ये होती म्हणून घरात गेली.

वीणा_ठाणे
रुद्रम विसरलात का सगळे? २०१७, मुक्ता बर्वे. मोजके भाग, पाणी घालणं नाही, संपायचं तेव्हा संपली. आमच्याकडे ती माझ्या साठीतल्या आईने लावली आणि मग आम्ही सगळे बसायला लागलो. गंमत बघा, तरुणांच्या वाहिनीवरची सगळ्यात दमदार मालिका नवरा आणि मुलगा गमावलेल्या बाईची. कॉलेज, कट्टा, प्रेमप्रकरण हेच तरुणांना लागतं असं कुणी ठरवलं कोण जाणे. मला तेव्हाही फ्रेशर्सपेक्षा रुद्रमच आवडली होती, आणि मी तेव्हा बावीसची होते.

सॉलिड_संत्या
रुद्रमला +१. केबलकाका, टॉवेलवाला मुद्दा मान्य, पण फुलपाखरूवरचा राग कायम.

मधुरा_नाशिक
काका, मी मोबाइलवर नव्हते बघत हं. टीव्हीवरच, पण दुपारी, आई ऑफिसात असताना, पुनर्प्रक्षेपण. आमच्या घरी मीटर असतं तर ते धरलं असतं ना?

केबलवाला_कराड
धरलं असतं की. पण जाहिरात विकतात दहा सेकंदांच्या भावाने, आणि दुपारचा भाव रात्रीच्या जवळपासही नसतो. मालिकेचा खर्च निघतो रात्रीच्यातून, आणि रात्री तुमच्याकडे रिमोट आईच्या हातात.

मधुरा_नाशिक
आजीच्या. 😄