मदत हवी आहे: समोरच्याने चॅट बंद केली तरी माझा क्लायंट एंटर दाबेपर्यंत अडकून राहतो

लिनक्सवर सीमध्ये टीसीपीचा साधा दुतर्फी चॅट क्लायंट लिहितोय, फोंड्यात कॉलेजच्या लॅबसाठी. कनेक्ट झाल्यावर फोर्क (चालू प्रोग्रॅमची दुसरी प्रत बनवणं; मूळ तो पॅरेंट, नवी प्रत तो चाइल्ड): पॅरेंट एफगेट्सने कीबोर्ड वाचून सॉकेटवर, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या टोकावर, पाठवतो, चाइल्ड सॉकेट वाचून स्क्रीनवर छापतो. अट अशी की फोर्कच वापरायचा. सिलेक्ट, पोल (एकाच वेळी अनेक ठिकाणी इनपुटची वाट पाहणारे कॉल) किंवा थ्रेड सर चालवून घेणार नाहीत.

मी कंट्रोल-डी (इनपुट संपल्याची खूण) दाबलं तर सगळं नीट बंद होतं. नुसत्या क्लोजने होत नव्हतं, कारण सॉकेटची दुसरी प्रत चाइल्डकडे उघडीच असते. शटडाउन (प्रती कितीही असल्या तरी जोडणीच बंद करणारा कॉल) घातल्यावर सुटलं. उलट बाजूने मात्र घोडं अडतं. समोरचा गेला की चाइल्डला रीडमधून 0 (जोडणी बंद झाल्याची खूण) मिळतो, तो एक्झिट होतो, आणि पॅरेंट एफगेट्समध्येच बसून.

सिगचाइल्डचा (चाइल्ड संपल्यावर पॅरेंटला येणारा सिग्नल) हँडलर, म्हणजे तो आल्यावर चालणारं फंक्शन, साध्या सिग्नल फंक्शनने लावला, तर ग्लिबसीमध्ये (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) अडलेलं वाचन आपोआप पुन्हा सुरू होतं. सिगॲक्शन वापरून रीस्टार्टचा फ्लॅग काढला, तर बहुतेक वेळा सुटतो. पण चाइल्ड संपलाय का ही माझी तपासणी झाल्यावर आणि वाचन सुरू होण्याआधी नेमका सिग्नल आला की पुन्हा तेच. चाइल्डने पॅरेंटला सरळ किल करणं पटत नाही, शेवटची आवराआवर राहून जाते. (पावसात लाइट जाऊन समोरचं मशीनच बंद पडलं तर 0 सुद्धा येत नाही, पण ते दुखणं वेगळं, आत्ता नको.)

आता वाटतंय, कामंच उलटी वाटावीत: कीबोर्ड चाइल्डकडे, सॉकेट पॅरेंटकडे, 0 आला की पॅरेंट चाइल्डला सिगटर्म (थांबायला सांगणारा सिग्नल) देऊन वेटपिड करेल, म्हणजे तो संपेपर्यंत थांबेल. चाइल्डने टर्मिनल वाचण्यात काही अडचण येते का, की फोर्कमध्ये हाच सरळ मार्ग?